सूर का उतरतो?

‘बेल्ट सैल झालाय, बदलून द्या.’ नगरच्या कापड बाजाराजवळ माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे रेकॉर्ड प्लेअर घेऊन येणारं गिऱ्हाईक आजाराबरोबर औषधही सांगायचं. पण आपल्या जिल्ह्यात तबकडीचा सूर उतरायची कारणं काळानुसार बदलत गेली आहेत.

वीज नव्हती तेव्हा चावीचा ग्रामोफोन होता. त्याचा वेग गव्हर्नर सांभाळायचा: फिरणारी छोटी वजनं आणि त्यांना लगाम घालणारा फेल्टचा तुकडा. स्प्रिंगमधलं ग्रीस वाळलं की गाणं संपायच्या आतच गायकाचा आवाज जड व्हायचा. वेगाचा स्क्रू ज्याचा त्याने पिळलेला, त्यामुळे मिनिटाचे 78 फेरे घराघरांत वेगळे!

पुढे वीज आली. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, प्रवरेकाठी ऊस वाढला, विहिरींवर विजेचे पंप बसले. पंप चालू झाले की दिवे मिणमिणायचे आणि रबरी चाकावर चालणाऱ्या स्वस्तातल्या प्लेअरची साधी मोटरही मंदावायची. त्या काळी व्होल्टेजला दोष देणं बरोबरच होतं.

बेल्टवरच्या चांगल्या टर्नटेबलची गोष्ट निराळी. त्यातल्या बहुतेकांत सिंक्रोनस मोटर असे. ती व्होल्टेजकडे फारसं बघत नाही, विजेच्या सायकली मोजते. आपल्याकडे त्या सेकंदाला 50. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला 60 सायकलींचा टर्नटेबल इथे लावला की 33⅓ऐवजी जेमतेम 28 फेरे घेतो आणि गाणं पेटीच्या साधारण तीन पट्ट्यांनी खाली येतं. तिथे बेल्ट बदलून काही होत नाही, मोटरची पुली मोठी बसवावी लागते.

नव्वदच्या दशकात गाणं शिकवणाऱ्या एक बाई तक्रार घेऊन आल्या. संध्याकाळी रेकॉर्ड पेटीशी जुळत नाही, रात्री उशिरा जुळते. बेल्ट नवा, स्पिंडलला तेल घातलेलं. ट्यूबलाइटखाली 180 पट्ट्यांची स्ट्रोब चकती ठेवली, तर पट्ट्या स्थिर, म्हणजे वेग बरोबर. तरी बाईंचा कान खोटं सांगत नव्हता. उत्तर दिव्यातच होतं. मोटर आणि ट्यूबलाइट दोन्ही एकाच विजेवर. संध्याकाळी मागणी वाढून ग्रिड 48.5 सायकलींवर आलं की मोटर मंदावते, आणि ट्यूबचं लुकलुकणंही तेवढंच मंदावतं. पट्ट्या हलणार कशा? वेग तीन टक्के घटला की सूर साधारण अर्ध्या पट्टीने उतरतो. तो फरक पकडला पेटीने, कारण पेटी विजेवर चालत नाही. त्या दिवसापासून स्ट्रोब चकतीशेजारी मी काळी एकची सूरपेटीही ठेवू लागलो. 2002 च्या जुलैत पश्चिम विभागात ग्रिडच्या वारंवारतेनुसार दर ठरवणारी पद्धत आली आणि हा संध्याकाळचा रोग बराच ओसरला.

आता मात्र बेल्टचाच दोष जास्त दिसतो. वर्षानुवर्षं पुलीवर ताणून राहिलेलं रबर आपल्या उन्हाळ्यात सैल आणि गुळगुळीत होतं. बेल्ट आणि पुली स्पिरिटने पुसा, स्पिंडलमधलं घट्ट झालेलं जुनं तेल काढून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. एवढ्याने भागलं नाही तरच नवा बेल्ट घ्या. सायकलची ट्यूब कापून बेल्ट करू नका. तिची जाडी सगळीकडे सारखी नसते, लांब स्वर थरथरतो. आणि स्ट्रोब एलईडी दिव्याखाली तपासू नका, पुष्कळ एलईडी लुकलुकतच नाहीत, पट्ट्या दिसणार नाहीत.

हे सगळं आज लिहितोय, कारण घरोघरचे नातू आजोबांच्या तबकड्या संगणकावर उतरवून घेताहेत. मशीन हळू असेल तर ती चूक त्या प्रतीत कायमची बसेल आणि पुढची पिढी त्यालाच गायकाचा खरा आवाज समजेल. जुन्या 78 च्या तबकड्यांबाबत तर जास्तच जपायला हवं, कारण सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणच नेमक्या 78 ला होत असे असं नाही. म्हणून उतरवण्याआधी घरात गाणारं जे कुणी असेल त्याला शेजारी बसवा आणि पेटीवर सा धरायला सांगा.