दुसऱ्या खिडकीची नोंद

जुन्या गोव्यातल्या मोंते सांतो टेकडीवर सेंट ऑगस्टीन चर्चचा जांभ्या दगडाचा अर्धा मनोरा उभा आहे. त्यामागच्या पडक्या भिंतींत सतराव्या शतकातल्या एका नोंदीचा पडताळा मिळाला.

ही नोंद जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान हिच्याविषयीची. धर्म सोडायला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने १६२४ मध्ये शिराझ इथे तिला हालहाल करून मारण्यात आलं. तिथल्या ऑगस्टीनियन धर्मगुरूंनी तिचे अवशेष मिळवले. त्यांतले काही १६२७ मध्ये गोव्यातल्या, या चर्चलगतच्या आपल्या मठात आणले. ते कुठे ठेवले, हे पोर्तुगीज कागदपत्रं नेमकं सांगतात : चॅप्टर चॅपेलमध्ये, पत्रवाचनाच्या बाजूला, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत. पत्रवाचनाची बाजू म्हणजे वेदीकडे तोंड केलं की उजव्या हाताची.

वर्णन स्पष्ट होतं, पण वास्तूच उरली नव्हती. १८३५ मध्ये पोर्तुगीज सत्तेने धर्मसंघांना बाहेर काढलं आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचं कमानदार छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. खिडक्या मोजायच्या तर आधी त्या ढिगाऱ्यात चॅपेल कोणतं, वेदी कुठे, हे ठरवणं भाग होतं. पुरातत्त्व खात्याने दगडमाती उपसून मठाची मांडणी उलगडली. २००४ मध्ये त्या खिडकीच्या परिसरात एक लांब हाड हाती आलं.

जागा जुळली म्हणून ओळख पटत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हाडातला डीएनए तपासला. त्यात आईकडून येणारा ‘यू१बी’ हा वंशगट मिळाला. तो भारतीय नमुन्यांत आढळत नाही, जॉर्जिया आणि आसपासच्या प्रदेशात आढळतो. हाड केतेवानचं ‘असण्याची शक्यता आहे’, एवढंच त्यांनी लिहिलं. हा शब्दांचा संयम मला फार मोलाचा वाटतो. वंशगट प्रदेशाकडे बोट दाखवतो. व्यक्तीचं नाव सांगत नाही. नाव पुढे येतं ते नोंदीमुळे, आणि नोंदीला बळ मिळतं ते खिडकीमुळे.

२०२१ मध्ये भारताने या अवशेषांचा काही भाग जॉर्जियाला दिला. कागद, जागा आणि हाड या तिन्ही साक्षी एकाच दिशेला जातात. त्यांच्याविरुद्ध जाणारा पुरावा पुढे येईपर्यंत हे अवशेष केतेवानचेच मानणं रास्त आहे.