एका डिस्कवर चार तास

घरगुती डीव्हीडी रेकॉर्डरवरचा ‘एलपी’ म्हणजेच लाँग प्ले हा मोड व्हिडिओ कॅसेटच्या काळापासून चालत आलेला आहे. जेव्हीसीने १९७६ मध्ये जपानात आणलेल्या पहिल्या व्हीएचएस रेकॉर्डरमध्ये एक कॅसेट २ तास चाले. अमेरिकेत तेवढ्याने भागेना, कारण तिथला फुटबॉलचा सामना २ तासांत आटपत नाही. आरसीए कंपनीच्या आग्रहामुळे मात्सुशिता या जपानी कंपनीने टेपचा वेग निम्मा केला आणि १९७७ मध्ये ४ तास टिपणारे यंत्र अमेरिकेच्या बाजारात आले. व्हीएचएसची जन्मदात्री जेव्हीसी या तडजोडीवर खूश नव्हती, पण गिऱ्हाइकाने तास मोजले आणि बाजाराने त्याचेच ऐकले.

टेपवरच्या एलपीत चित्र का बिघडे, हे समजून घेतल्याशिवाय पुढची तुलना नीट कळत नाही. व्हीएचएसमध्ये चित्र टिपणारी हेडे फिरत्या ड्रमवर बसवलेली असतात. टेप हळू सरकवली तरी ड्रम पूर्वीच्याच वेगाने फिरतो. त्यामुळे चित्रातला बारीक तपशील एलपीतही फारसा घटत नाही, तो आडव्या दिशेने साधारण २४० रेषांचाच राहतो. घटते ती टेपवर उमटणाऱ्या पट्ट्याची रुंदी. भारतातल्या पाल पद्धतीत नेहमीच्या वेगाला हा पट्टा ४९ मायक्रॉन असतो, एलपीत तो निम्मा होतो. अरुंद पट्ट्यावरून उचललेला सिग्नल क्षीण असतो, म्हणून पडद्यावर मुंग्या येतात, रंग थरथरतात आणि टेपच्या कडेला टिपलेला आवाज मंद होतो. थोडक्यात, कॅसेटवर वेळ वाढवण्याची किंमत मुंग्यांच्या रूपात मोजावी लागे.

डिस्कवर हे गणित मुळापासून बदलले. पायोनियरचा पहिला डीव्हीडी रेकॉर्डर १९९९ च्या डिसेंबरात जपानात विक्रीला आला. पाठोपाठ पॅनासॉनिकने डीव्हीडी-रॅम आणि फिलिप्सने डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू या डिस्का वापरणारी यंत्रे काढली. तिघांच्या डिस्का वेगळ्या आणि त्यांची भांडणेही जुनी, पण चित्राच्या दर्जाशी त्या भांडणांचा संबंध जवळजवळ नव्हता. सगळीकडे चित्र एमपीईजी-२ पद्धतीनेच आवळले जाई आणि डिस्कवर जागा ४.७ गिगाबाइट, म्हणजे सुमारे ३७.६ अब्ज बिट एवढीच असे.

ही जागा तासांत वाटली की मोड तयार होतात. २ तासांसाठी दर सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट मिळतात, ४ तासांसाठी २.६ आणि ६ तासांसाठी जेमतेम १.७. त्यातले पाव मेगाबिट आवाज खातो. २ तासांच्या मोडमध्ये हा वाटा किरकोळ वाटतो, ४ तासांच्या मोडमध्ये तो दहावा हिस्सा होतो.

उरलेल्या बिटांत किती पिक्सेल भरायचे, हा कंपन्यांपुढचा खरा प्रश्न होता. पालमधली पूर्ण डीव्हीडी चौकट ७२० बाय ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेलची. एमपीईजी-२ चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे पाडते आणि प्रत्येक ठोकळ्यातला तपशील गरजेप्रमाणे कापते. बिट कमी पडले की शेजारच्या ठोकळ्यांचे सांधे जुळत नाहीत आणि चित्र फरशी बसवल्यासारखे दिसू लागते. डीव्हीडीच्या नियमांत यावर एक पळवाट होती: आडवे पिक्सेल ७२० ऐवजी ३५२ ठेवायचे आणि उभ्या ५७६ ओळी तशाच राहू द्यायच्या. याला अर्धी चौकट म्हणता येईल. २ तासांच्या मोडमध्ये पूर्ण चौकटीतल्या प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला सरासरी ०.४८ बिट येतो. ४ तासांच्या मोडमध्ये पूर्ण चौकट ठेवली तर तो ०.२३ वर घसरतो, अर्धी घेतली तर पुन्हा ०.४६ होतो. बहुतेक कंपन्यांनी एलपीत अर्धी चौकट का धरली, याचे उत्तर या आकड्यांत आहे. चित्र मऊ होते, पण फुटत नाही.

हा मऊपणा किती? ३५२ पिक्सेलचा हिशेब टीव्हीच्या रेषांत केला तर तो २६४ च्या आसपास भरतो, म्हणजे व्हीएचएसपेक्षा थोडा वरचढच. शिवाय मुंग्या नाहीत आणि रंग स्थिर. कॅसेटवरून डिस्कवर आलेल्या माणसाला ४ तासांचा मोड सुखद धक्का वाटे तो यामुळे. चांगल्या अँटेनावरचे थेट प्रक्षेपण मात्र याहून सरस असे. मूळ कार्यक्रम आणि त्याचे एलपी रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावले की केसांच्या बटा आणि गवताची पाती हरवलेली कळत.

तुलना करणाऱ्यांची पहिली अडचण मोडच्या नावांत होती. पॅनासॉनिकची एलपी ४ तासांची. सोनीची ३ तासांची, आणि तिथे ४ तासांना ईपी म्हणत. फिलिप्सने अक्षरे सोडून एम-१, एम-२, एम-३ असे तासांचे क्रमांक दिले. पायोनियरच्या यंत्रांवर एमएन नावाचा हाताने ठरवायचा मोड होता आणि त्याच्या सुरुवातीच्या ३२ पायऱ्यांमधली एखादी पायरी ओलांडली की चौकट गुपचूप बदले. दोन यंत्रांच्या ‘एलपी’ शेजारी ठेवून एक सरस ठरवणे म्हणूनच फसवे होते. ३ तासांची एलपी ४ तासांच्या एलपीपेक्षा चांगली दिसली तर त्यात नवल काय? तास समान ठेवून केलेली तुलनाच खरी, आणि जाहिरातींत नेमकी तीच सापडत नसे.

काही यंत्रांनी मधली वाटही काढली. डीव्हीडी-व्हीआर या संपादनाच्या सोयीसाठी बनवलेल्या पद्धतीत ५४४ किंवा ४८० पिक्सेल रुंदीही चालते. तीन तासांच्या आसपास हा पर्याय शहाणपणाचा होता. पण साध्या डीव्हीडी प्लेअरसाठीच्या पद्धतीत या रुंदीला जागा नाही, त्यामुळे असे रेकॉर्डिंग नेहमीच्या डिस्कवर न्यायचे तर चित्र पुन्हा एकदा आवळावे लागे आणि कमावलेले तिथेच जाई.

६ तासांच्या पुढे तर उतार तीव्र होतो. तिथे काही यंत्रे चौकट ३५२ बाय २८८ वर आणत, म्हणजे उभ्या ओळीही निम्म्या. टीव्हीचे चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांनी बनते. त्यातले एकाआड एक टाकून दिले की धावणारा माणूस धक्के खात धावतो. हे माप व्हिडिओ सीडीचेच. मराठी नाटके दोन-तीन व्हिडिओ सीडींच्या संचात पाहिलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांना तो दर्जा चांगलाच ओळखीचा होता.

पॅनासॉनिकने २००५ च्या सुमारास उलट दिशेने पाऊल टाकले. एलपीतही ५०० रेषांचा तपशील मिळतो, अशी जाहिरात करत कंपनीने ४ तासांसाठी पूर्ण चौकट कायम ठेवली. आवळणारी चिप तोवर इतकी सुधारली होती की स्थिर दृश्यात, म्हणजे बातम्या किंवा मुलाखतीत, हा दावा टिकतो. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे वळला की गर्दीचे ठोकळे होतात. शिवाय ठोकळे टाळण्यासाठी यंत्रे आवळण्याआधी चित्र थोडे पुसून घेत, त्यामुळे ७२० पिक्सेल कागदावर असले तरी तपशील तेवढा असेलच असे नाही. चाचणीपट्टीवर रेषा मोजून पूर्ण चौकट जिंकते, हलत्या दृश्यात बरेचदा अर्धी. पहिल्याच आकड्याला भुलून दिलेला निकाल म्हणून अर्धवट ठरतो.

यंत्राइतकेच महत्त्व आत येणाऱ्या चित्राला आहे. चित्रपटाची डीव्हीडी बनवताना स्टुडिओ आधी सगळा चित्रपट तपासतो, कुठे किती बिट लागतील ते ठरवतो आणि मग आवळतो. घरगुती यंत्राला ही सवड नसते, पुढच्या सेकंदाला काय येणार हे त्याला ठाऊकच नसते. मुंग्या तर त्याचे खास शत्रू. प्रत्येक मुंगी दर चौकटीत जागा बदलते आणि यंत्र ती नवी माहिती समजून तिच्यावर बिट उधळते. चांगल्या रेकॉर्डरमध्ये मुंग्या कमी करणारे आणि कॅसेटच्या चित्राचा डळमळता ताल सावरणारे मंडल याचसाठी असे. ४ तासांच्या मोडमध्ये त्याचा फरक २ तासांच्या मोडपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाशी गाठ पडली ती लग्नाच्या कॅसेटींमुळे. घरगुती रेकॉर्डर इथे फारसे पसरले नाहीत, पण २००० नंतर जुन्या कॅसेटी डिस्कवर उतरवून देणे हे व्हिडिओ शूटिंगवाल्यांचे नेहमीचे काम झाले. ई-१८० कॅसेट ३ तासांची, डिस्क चांगल्या दर्जाला २ तासांची. दोन डिस्का घ्या म्हटले की यजमान नाराज, म्हणून सगळे एकीतच कोंबले जाई. त्यात हॅलोजनच्या उजेडाबाहेरचा मांडव काळोखा आणि मुंग्यांनी भरलेला. एमपीईजी-२ ची सर्वांत कठीण परीक्षा मंगलाष्टकांच्या शेवटी येते: शेकडो अक्षता एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना उडतात आणि त्याच क्षणी फोटोवाल्याचे फ्लॅश सगळे चित्र उजळतात. शेजारच्या चौकटींतले साम्य शोधून जागा वाचवणाऱ्या पद्धतीला तिथे काहीच साम्य सापडत नाही. एका डिस्कवर दाबून बसवलेल्या लग्नात नेमका मुहूर्ताचा क्षण फुटलेला दिसतो, त्याचे कारण हे.

या तुलनेचा निकाल पडद्यानेही बदलला. २१ इंची काचेच्या टीव्हीवर अर्धी चौकट सहज खपून जाई, कारण तो पडदा स्वतःच कडा मवाळ करतो. तेच रेकॉर्डिंग ४० इंची एलसीडीवर लावले की मऊपणा धूसर वाटतो आणि ठोकळ्यांच्या कडा स्पष्ट दिसतात. २००२ मध्ये समाधान देणारी डिस्क काही वर्षांत नकोशी झाली, तिच्यातला एकही बिट न बदलता.

दोन थरांच्या ८.५ गिगाबाइट डिस्का २००४ पासून आल्या आणि ४ तासांना जवळजवळ २ तासांचा दर्जा देणे शक्य झाले, पण त्या महाग होत्या. तोवर रेकॉर्डरांत हार्ड डिस्कही बसू लागली होती, तेव्हा जागेची चणचण फक्त कायम जपायच्या कार्यक्रमांपुरती उरली. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी आणि जपानच्या बहुतेक भागांत २४ जुलै २०११ रोजी जुने अॅनालॉग प्रक्षेपण थांबले. जपानी कंपन्यांनी तोपर्यंत ब्लू-रे रेकॉर्डरांत एच.२६४ ही नवी पद्धत आणली होती. पॅनासॉनिकच्या २००७ च्या यंत्रांत १९२० बाय १०८० ची पूर्ण चौकट राखूनच चौपट वेळ टिपता येऊ लागला. लाँग प्लेसाठी चौकट लहान करण्याची गरज तिथे उरली नाही, तुलना फक्त ठोकळ्यांची राहिली.