दिनविशेष : २५ जानेवारी
शर्ली चिझम रिंगणात (१९७२)

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील काँकॉर्ड बॅप्टिस्ट चर्चमध्ये १९७२ साली आजच्या दिवशी शर्ली चिझम यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली. १९६८ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. पक्षाची उमेदवारी मागणाऱ्याही त्या पहिल्याच कृष्णवर्णीय महिला. पेशा मुळात शिक्षिकेचा. आपण केवळ कृष्णवर्णीयांच्या किंवा केवळ स्त्रियांच्या उमेदवार नाही, साऱ्या जनतेच्या आहोत, असे त्यांनी त्या दिवशी ठणकावून सांगितले.

प्रचाराला पैसा तुटपुंजा, आणि कृष्णवर्णीय पुरुष नेत्यांपैकी अनेकांनी पाठ फिरवली, हे अधिक बोचणारे. टीव्हीवरील चर्चेतून वगळल्यावर मात्र त्या गप्प बसल्या नाहीत. न्यायालयात दाद मागून त्यांनी प्रक्षेपणाची वेळ मिळवलीच. जुलैमध्ये मायामी बीचच्या अधिवेशनात त्यांना १५२ प्रतिनिधींची मते मिळाली. उमेदवारी जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याकडे गेली.

या मोहिमेतला सर्वांत मोठा प्रसंग मात्र मतपेटीबाहेरचा आहे. वर्णभेदाचे कट्टर समर्थक म्हणून गाजलेले प्रतिस्पर्धी जॉर्ज वॉलेस मे महिन्यात गोळीबारात जखमी झाले, तेव्हा चिझम त्यांना भेटायला रुग्णालयात गेल्या. समर्थक संतापले. एवढे मोठे मन राजकारणात क्वचितच दिसते. पुढे घरकामगारांना किमान वेतन देण्याच्या विधेयकासाठी दक्षिणेतील खासदारांची मते वळवायला याच वॉलेस यांनी त्यांना मदत केली.