खुब्यातला खिळा

म्हातारं माणूस मोरीत पाय घसरून पडलं, उठता येईना, पाय बाहेरच्या अंगाला वळून थोडा आखूड दिसू लागला, की जुनी माणसं हळू आवाजात म्हणायची, ‘खुबा मोडला.’ त्यापुढे कुणी बोलत नसे. माझ्या आजीच्या वेळी पलंगाच्या पायथ्याशी दोरीनं विटा लोंबत ठेवल्या होत्या आणि पायाच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हाड जुळायचं तर हलायचं नाही, अशी ताकीद होती. सातव्या आठवड्यात तिच्या माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम दिसली. ती वाढत वाढत तळहाताएवढी झाली, मग छातीत कफ भरला. आजीला खुब्यानं नाही, अंथरुणानं नेलं.

‘अंथरुणाला खिळणे’ आपण सहज म्हणतो. सुश्रुतसंहितेत मांडी-पोटरीचं हाड मोडलं तर ‘कपाटशयन’ सांगितलं आहे. रोग्याला फळीवर निजवायचं, फळीला पाच ‘कीलक’ म्हणजे खुंट्या ठोकायच्या, सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि तळपायाशी एक, आणि त्यांना पाय असा बांधायचा की हाड जराही हलू नये. आपला ‘खिळा’ त्याच ‘कीला’च्या कुळातला. कितीतरी शतकं तो रोग्याच्या अंगाबाहेरच राहिला.

लंडनचे शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी 1822च्या आपल्या ग्रंथात एक मोलाचा फरक दाखवला. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत बसतो आणि त्याखालची मान सांध्याच्या पिशवीत असते. मोड या पिशवीच्या आत असेल, तर म्हातारपणी हाड सहसा जुळत नाही. बाहेर असेल, तर जुळतं. गोळ्याला बरंचसं रक्त मानेवरूनच पोचतं. मान तुटली की वाटच बंद. म्हणून कूपर म्हणत, आतल्या मोडीच्या वृद्धांना महिनोन्‌महिने बांधून ठेवू नका; दुखणं ओसरलं की खुर्चीत बसवा, कुबड्या द्या. हाड गेलं तरी चालेल, माणूस राहू दे! हा सल्ला मला पुढच्या कुठल्याही शस्त्रक्रियेइतकाच मोठा वाटतो. पण तो मागे पडला. न्यूयॉर्कच्या रॉयल व्हिटमन यांनी 1902 पासून पाय फाकवून छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर घालण्याची रीत रूढ केली. त्यानं कित्येकांची हाडं जुळली, पण ऐंशीच्या बाईनं ते ओझं महिनोन्‌महिने वागवायचं कसं?

हाडात खिळा ठोकून पाहणारे एकोणिसाव्या शतकातही होते. पण गुळगुळीत गोल खिळ्याभोवती गोळा फिरतो, आणि गंजणाऱ्या धातूभोवती हाड कुरतडलं जातं. नॉर्वेत जन्मलेले, बोस्टनमध्ये काम करणारे मारियस स्मिथ-पीटरसन यांनी 1925 मध्ये वापरलेला खिळा मात्र निराळा होता. तो आडवा कापून पाहिला तर तीन पात्यांची चांदणी दिसते. पाती तीन, म्हणून गोळा फिरत नाही. पाती पातळ, म्हणून हाड फार खर्ची पडत नाही. त्यांनी 1931 मध्ये आपले अनुभव छापले. पण त्यांना सांधा उघडावा लागे. लगेच 1932 मध्ये स्वीडनच्या स्वेन योहान्सन यांनी खिळ्याला मधोमध आरपार भोक पाडलं. आधी बारीक तार घालायची, ती नीट बसली का ते क्ष-किरणात पाहायचं, मग तारेवरून खिळा सरकवायचा. एवढ्याशा भोकानं केवढी चिरफाड वाचली!

तरी गोळ्याचं रक्त तुटलेलं असेल, तर खिळा काय करणार? अमेरिकेत ऑस्टिन मूर आणि हॅरोल्ड बोलमन यांनी 1940 मध्ये गाठीनं पोखरलेल्या खुब्याच्या जागी धातूचा गोळा बसवला. पुढे मूर यांनी त्याच्या दांड्याला खिडक्या ठेवल्या, त्यांतून हाड वाढून दांडा पकडावा म्हणून. आपल्याकडे दवाखान्याबाहेर नातेवाईक ‘बॉल बदलला’ म्हणतात, तो या गोळ्याच्या घराण्यातला.

मानेखालच्या मोडीत अडचण उलटी होती. तिथे हाड जुळतं, पण जुळताना दबतं, आणि ताठ खिळा गोळा फोडून वाटीत शिरतो. जर्मनीतल्या कील शहरी शस्त्रक्रियेची हत्यारं घडवणाऱ्या अर्न्स्ट पोल यांनी 1950च्या सुमारास स्क्रू नळीत सरकता ठेवला. रोग्यानं पाय टेकला, की स्क्रू मागे सरकतो आणि हाडाची तोंडं एकमेकांवर घट्ट बसतात. उभं राहणं हाच तिथे उपचाराचा भाग झाला.

आता रोग्याची तब्येत सोसेल तर एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया करतात. गेल्या वर्षी माझी आत्या, वय 84, अशीच पडली. मांडीत रॉड घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीच्या मुलीनं तिला पलंगाच्या कडेला बसवलं, पुढ्यात वॉकर ठेवला. आत्यानं दोन्ही मुठी आवळल्या, ओठ दाबून धरला आणि उभी राहिली. तिच्या पावलाची बोटं थंड फरशीवर पसरली. ‘अगं, गार आहे गं,’ ती म्हणाली, ‘चप्पल दे माझी.’