मूत्रपिंडाचा कर्करोग स्वादुपिंडात: एका शस्त्रक्रियेचा इतिहास

कर्करोग मूळ अवयवातून दुसरीकडे पसरला की शस्त्रक्रियेचा विचार सहसा मागे पडतो. मूत्रपिंडातून स्वादुपिंडात गेलेला कर्करोग मात्र या नियमाला अपवाद ठरला.

गुस्टाव्ह झिमॉन यांनी १८६९ मध्ये हायडेलबर्ग येथे मूत्रपिंड काढण्याची पहिली नियोजित शस्त्रक्रिया केली. तिचे कारण कर्करोग नव्हे, मूत्रवाहिनी आणि योनी यांना जोडणारा नालव्रण हे होते. पण एका मूत्रपिंडावर माणूस जगतो हे तिने सिद्ध केले. बार्नी आणि चर्चिल यांनी १९३३ मध्ये एका रुग्णाचे कर्करोगग्रस्त मूत्रपिंड काढले आणि फुप्फुसात पसरलेली एकमेव गाठही काढली. त्यानंतर ती व्यक्ती वीस वर्षांहून अधिक जगली. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी स्वादुपिंडाचे डोके आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग काढण्याची पद्धत मांडली. एकटी गाठ काढण्याचे धाडस आणि स्वादुपिंडावरील कौशल्य पुढे या आजारात एकत्र आले.

मूत्रपिंडातून स्वादुपिंडात होणारा हा प्रसार बहुधा उशिरा, मूत्रपिंड काढल्यानंतर दहाएक वर्षांनीही दिसतो आणि अनेकदा स्वादुपिंडापुरताच राहतो. गाठींना रक्तपुरवठा भरपूर असल्याने कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅनच्या धमनी-टप्प्यात त्या उजळ दिसतात. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात असेल तर व्हिपल शस्त्रक्रिया, शेपटाकडे असेल तर तेवढाच भाग, बहुधा प्लीहेसह, काढतात. गाठी सर्वत्र असतील तर संपूर्ण स्वादुपिंड जाते. मग जन्मभर इन्शुलिन आणि पाचक विकरांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर निम्म्याहून अधिक जण पाच वर्षे जगल्याच्या नोंदी आहेत. २००५-०६ पासून सोराफेनिब, सुनिटिनिब ही मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषधे आली. रोग मंदगती असल्यामुळे काही रुग्णांत औषध किंवा नुसती देखरेखही पुरते.

महाराष्ट्रात कर्करोग उपचारांचा पाया परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी घातला. ग्रामीण भागातील कर्करोग-रुग्णांच्या नोंदणीला १९८७ मध्ये बार्शीत सुरुवात झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तालुके तिच्या कक्षेत आले. अशा ग्रामीण भागातील रुग्णांना मोठ्या शस्त्रक्रियेसाठी शहर गाठावे लागते. त्या वेळी मूत्रपिंड काढल्याचे जुने डिस्चार्ज कार्ड आणि बायॉप्सी अहवाल हाताशी असणे मोलाचे ठरते, कारण स्वादुपिंडातील नव्या गाठीचे मूळ ओळखण्याचा धागा त्यातच मिळतो.