लिनक्स निवडताना मालक कोण, ते आधी बघा

लिनक्स फुकट मिळते, म्हणजे त्यावर कोणाची हुकमत नाही, असा आपल्याकडे समज आहे. पण लिनक्सच्या अनेक आवृत्त्या आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. काही कंपन्यांच्या हातात आहेत, काही नाहीत.

सेंटओएसचेच घ्या. २०१४ साली रेड हॅट कंपनीने हा प्रकल्प आपल्याकडे घेतला. २०१९ मध्ये रेड हॅटच आयबीएमने विकत घेतली. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार होते, पण २०२१ अखेर ते बंद झाले. ज्यांचे सर्व्हर त्यावर होते, त्यांची धावपळ उडाली.

डेबियन १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात आणि प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडतात. कंपन्या देणगी देतात, मालकी मात्र त्यांची नाही. उबुंटू डेबियनवरच उभे आहे, पण त्यामागे कॅनॉनिकल कंपनी आहे.

म्हणून शाळा, वाचनालय किंवा दुकानाच्या संगणकात लिनक्स टाकण्याआधी तीन गोष्टी विचारा, असे आम्ही सुचवतो: निर्णय कोण घेतो? अपडेट किती वर्षे मिळणार? आणि उद्या कंपनीने हात काढला, तर काम पुढे कोण चालवणार?