बुद्धिमापन कसोट्या व संस्कृतिभेद
एका समाजातील व्यक्तींसाठी रचलेली मानसशास्त्रीय कसोटी दुसऱ्या समाजातील व्यक्तींना दिली असता तीत मिळालेल्या गुणांचा अर्थ तोच राहतो काय, हा आंतरसांस्कृतिक मापनातील मूलभूत प्रश्न होय. बुद्धिमापनाच्या क्षेत्रात तो विशेष तीव्रतेने उपस्थित झाला; कारण अशा गुणांवर मुलांचे शिक्षण, सैनिकांच्या नेमणुका आणि प्रसंगी परदेशात स्थायिक होण्याचा हक्कही अवलंबून ठेवण्यात आला.

भिन्न संस्कृतींतील लोकांच्या मानसिक क्षमतांचे प्रत्यक्ष मापन करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न केंब्रिज विद्यापीठाने १८९८ साली टॉरस सामुद्रधुनीत पाठविलेल्या मोहिमेत झाला. ए. सी. हॅडन यांच्या नेतृत्वाखालील या मोहिमेत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्झ, सी. एस. मायर्स व विल्यम मॅक्डूगल यांचा समावेश होता. तथाकथित रानटी लोकांची ज्ञानेंद्रिये असाधारण तीक्ष्ण असतात आणि त्यांची मानसिक शक्ती त्यातच खर्ची पडते, असा तत्कालीन समज होता. प्रत्यक्ष मोजणीत बेटवासीयांची दृष्टी युरोपीयांपेक्षा थोडीशीच सरस आढळली. दूरची नौका ओळखण्याचे त्यांचे कौशल्य मुख्यतः परिचयातून आलेले होते. म्यूलर-लायर आकृतीतील दृष्टिभ्रमाला ते इंग्रजांपेक्षा कमी बळी पडत, तर उभ्या-आडव्या रेषांच्या भ्रमाला अधिक. १९०१-०२ मध्ये रिव्हर्झ यांनी निलगिरीतील तोडा जमातीची तपासणी केली, तेव्हाही साधारण असेच फरक दिसून आले. एक समाज दुसऱ्यापेक्षा सरसकट श्रेष्ठ किंवा कनिष्ठ न ठरता फरकाची दिशा कामागणिक बदलते, हा या संशोधनाचा खरा निष्कर्ष होता. पुढील दोन-तीन दशकांत मात्र तो जवळजवळ विस्मृतीत गेला.

आल्फ्रेड बीने (१८५७–१९११) व तेओदोर सीमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमधील शाळांत विशेष साहाय्याची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी आपली श्रेणी तयार केली. बीने यांचा हेतू मर्यादित होता. बुद्धी हा जन्मजात व अपरिवर्तनीय गुण आहे, हे मत त्यांनी स्पष्टपणे नाकारले होते. अमेरिकेत हेन्री गॉडर्ड यांनी ही श्रेणी भाषांतरित केली, तर ल्यूइस टर्मन यांनी १९१६ साली तिची स्टॅनफर्ड सुधारणा प्रसिद्ध केली. या स्थलांतरात कसोटीबरोबर तिच्या कर्त्याने घातलेली मर्यादा गेली नाही. गॉडर्ड यांनी न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर उतरणाऱ्या निवडक स्थलांतरितांना दुभाष्यांमार्फत कसोट्या दिल्या व ज्यू, इटालियन, हंगेरियन आणि रशियन गटांतील सुमारे ८० टक्के व्यक्ती मंदबुद्धी असल्याचा निष्कर्ष १९१७ मध्ये छापला. आपण या देशात नवखे असताना आपल्यालाही हे प्रश्न सुटले नसते, असे एका दुभाष्याने त्यांना सांगितले होते.

पहिल्या महायुद्धात सु. १७·५ लाख अमेरिकन सैनिकांची परीक्षा झाली. साक्षरांसाठी ‘आल्फा’, तर निरक्षर व इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठी ‘बीटा’ ही चित्रमय कसोटी होती. भाषा वगळली की संस्कृतीही वगळली जाते, अशी यामागील समजूत होती. पण बीटा कसोटीत जाळे नसलेले टेनिसचे मैदान आणि कर्णा नसलेला ग्रामोफोन दाखवून राहिलेला भाग काढावयास सांगितले जाई. सिसिलीतील शेतमजुराने कर्णा काढला नाही, यावरून त्याच्या बुद्धीविषयी काही कळणे कठीण होते. स्थलांतरितांचे अमेरिकेतील वास्तव्य जितके दीर्घ, तितके त्यांचे गुण अधिक, असे या आकडेवारीत दिसत होते. कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये यावरून अलीकडे आलेले लोक वंशतः कनिष्ठ आहेत, असे अनुमान काढले. परिचयाचा परिणाम हे साधे स्पष्टीकरण त्यांनी बाजूस सारले. १९२४ च्या निर्बंधक स्थलांतर कायद्यावर या आकड्यांचा कितपत प्रभाव पडला, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. १९३० मध्ये ब्रिगम यांनी आपली अनुमाने निराधार असल्याचे जाहीरपणे मान्य केले. तोवर कायदा अंमलात येऊन सहा वर्षे झाली होती.

गुणांऐवजी उत्तरामागील विचारप्रक्रियेकडे लक्ष वेधण्याचे श्रेय अलेक्सांद्र लूर्या (१९०२–७७) यांना द्यावे लागेल. १९३१-३२ मध्ये त्यांनी उझबेकिस्तानातील शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड व ओंडका यांतून विजोड वस्तू निवडावयास सांगितले. करवत आणि कुऱ्हाड ओंडक्यावरच चालणार, मग तो वेगळा कसा काढावयाचा, असा त्यांचा युक्तिवाद असे. अल्पकाळ शाळेत गेलेले तरुण मात्र हत्यारांचा वर्ग सहज वेगळा करीत. हे संशोधन राजकीय कारणांमुळे १९७४ पर्यंत ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ शकले नाही. लूर्यांनी या फरकाला विकासाच्या पायऱ्या मानले, हे त्यांच्या उपपत्तीचे वैगुण्य. लायबीरियातील क्पेले लोकांत मायकेल कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासामुळे (१९७१) ते उघड झाले. क्पेले प्रौढ सुरी आणि संत्रे एकत्र ठेवीत आणि शहाणा माणूस असेच करील, असे सांगत. मूर्ख माणूस कसे करील, असे विचारताच त्यांनी हत्यारे एकीकडे व खाद्यपदार्थ दुसरीकडे असे बिनचूक वर्ग पाडले. म्हणजे उणीव क्षमतेची नव्हती. शहाणपणाची कल्पना वेगळी होती. राशीतील तांदूळ किती मापे भरेल, याचा अंदाज करण्यात तर ते अमेरिकन प्रौढांपेक्षा सरस ठरले होते.

भारतात सी. हर्बर्ट राइस यांनी लाहोर येथे १९२२ मध्ये बीने श्रेणीचे हिंदुस्थानी रूपांतर केले. मराठी व कानडी मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बीने श्रेणीचे रूपांतर व प्रमाणीकरण केले आणि त्यावरील ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. अशा कामात केवळ भाषांतर पुरत नाही. मूळ श्रेणीत यमके जुळविण्याचे आणि नाणी ओळखण्याचे प्रश्न होते. यमक भाषेबरोबर बदलते, नाणे राज्याबरोबर. सोपा इंग्रजी शब्द मराठीत अवघड होतो किंवा उलट, आणि त्यामुळे प्रश्नाचा वयोगटच बदलतो. १९५५ मध्ये सी. एम. भाटिया यांनी निरक्षर मुलांनाही देता येईल अशी पाच उपकसोट्यांची कृतिकसोटी रचली. ए. जे. मालिन यांनी नागपूर येथे वेक्सलर यांच्या बालकश्रेणीचे भारतीय रूपांतर केले. ते १९६९ पासून प्रचारात आले.

संस्कृतिमुक्त कसोटीची रेमंड कॅटेल यांची कल्पना (१९४०) पुढे ‘संस्कृतिन्याय्य’ अशा सौम्य नावाने रूढ झाली. जेम्स फ्लिन यांनी १९८७ मध्ये चौदा देशांतील आकडेवारी मांडून दाखविले, की आकृतिबंधांवर आधारलेल्या कसोट्यांतही, म्हणजे ज्या संस्कृतीपासून सर्वांत अलिप्त मानल्या जात त्यांतही, पिढीगणिक गुण झपाट्याने वाढतात. नेदर्लंड्समधील तरुणांत १९५२ ते १९८२ या काळात ही वाढ सु. २० गुणांकांची होती. भारतीय रूपांतरांच्या दृष्टीने याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. अशी वाढ झालेल्या समाजात अनेक दशकांपूर्वीच्या मानकांशी आजच्या मुलाची तुलना केल्यास त्याचा बुद्धिगुणांक फुगलेला दिसतो आणि बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर मिळणाऱ्या साहाय्यास तो मुकण्याचा संभव असतो. उलट घरात कसोटीची भाषा न बोलणाऱ्या आदिवासी मुलाचा गुणांक त्याच मानकांनुसार वाजवीपेक्षा खाली येऊ शकतो. आंतरराष्ट्रीय कसोटी आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत (दुसरी आवृत्ती, २०१७) म्हणूनच भाषांतराबरोबर प्रत्येक नव्या लोकसमूहात कसोटीची यथार्थता आणि मानके नव्याने तपासण्यावर भर दिलेला आहे.